डोमकावळ्यांच्या टोकापर्यंत

आप्पांच्या दहाव्याला नीरेच्या काठी पिंड मांडून तास होऊन गेला तरी कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर तीन बसले होते, खाली एकही उतरत नव्हता. "काय राहिलंय ते बोला," काका म्हणाले. आईला सांभाळू म्हणून झालं, विहिरीचं पाणी भांडणाविना वाटून घेऊ म्हणून झालं. काकांनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा मी पुढे होऊन हात जोडले. "आप्पा, तुमची वारी चुकणार नाही. मी चालेन." कावळा उतरला आणि भाताचा घास घेऊन गेला.

आप्पा 31 वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालले. त्यातल्या चार वाऱ्या मी त्यांच्या मागून केल्या, मग नोकरीनं लिस्बनला आले. शब्द दिल्यानंतरच्या पहिल्याच आषाढीला मला निघता येणार नव्हतं. राहण्याचा परवाना नूतनीकरणाला गेला होता, तो हातात येईपर्यंत देश सोडणं शक्य नव्हतं. आईला फोनवर हे सांगताना मला रडू आलं. ती म्हणाली, "तिकडं चालायला वाट नाही का? चाल तिथंच. त्याला पोचतंय."

वाट कुठली, हे माझ्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबानं सांगितलं. लिस्बनचं बोधचिन्ह म्हणजे एक जहाज आणि त्यावर दोन टोकांना दोन डोमकावळे. दोन वर्षं मी ते रोज बघत होते. यावेळी थांबून त्यांची गोष्ट शोधली. व्हिसेंत हा सारागोसाचा धर्मसेवक. इसवी सन 304 मध्ये, रोमन बादशहा डायोक्लेशियनच्या काळात, त्याला वालेन्सियात हाल करून मारलं. देह जनावरांपुढे टाकला, तर डोमकावळा राखणीला बसला आणि त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही, अशी श्रद्धा आहे. पुढे तो देह पोर्तुगालच्या नैऋत्य टोकावर आणला गेला, तिथेही डोमकावळे आले. 1173 मध्ये राजा अफोन्सो हेन्रिक्सच्या काळात अस्थी समुद्रमार्गे लिस्बनला नेल्या, तेव्हा दोघं जहाजावर बसून सोबत आले. तेच ते खांबावरचे.

बाराव्या शतकातला अरब भूगोलकार अल-इद्रिसी त्या टोकावरच्या देवळाला 'कावळ्याचं देऊळ' म्हणतो. छपरावर दहा डोमकावळे कायम असतात, असं तो लिहितो. आणि आणखी एक गोष्ट लिहितो, जी वाचून मी पिशवी भरायला घेतली: त्या देवळाचं अन्न खाल्ल्याशिवाय कुणाही आल्यागेल्याला पुढे जाता येत नसे, तशी तिथली रीतच होती. ज्यानं वारीत गावोगावच्या पंगतीत पिठलं-भाकरी खाल्ली आहे त्याला यापुढे काही समजावून सांगायला नको.

इथं पायी तीर्थयात्रा म्हटलं की सगळे उत्तरेला, स्पेनमधल्या सांतियागोच्या तीर्थाकडे बोट दाखवतात. दक्षिणेच्या या वाटेला आज कुणी तीर्थयात्रा म्हणत नाही. तिचं नाव कोळ्यांची वाट. कड्यावर बसून गळ टाकायला जाणाऱ्यांच्या पायांनी पडलेल्या या पाऊलवाटा 2012 पासून जोडून, खुणा करून, रोता व्हिसेंतिना या नावाखाली सांभाळल्या जातात. मी पोर्तो कोवो ते साओ व्हिसेंतचं टोक असं दीडशेहून जास्त किलोमीटरचं अंतर घेतलं, नऊ दिवसांचं. मेच्या सुरुवातीला निघाले. पिशवीत हरिपाठाचं पुस्तक, आप्पांची तुळशीची माळ, सुई-दोरा आणि खोबरेल तेल.

पहिल्या दिवशी वाळूनं परीक्षा घेतली. पोर्तो कोवो सोडलं की उजव्या हाताला समुद्रात पेसेगैरो बेट दिसतं, त्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष. त्यानंतर वाट वाळूच्या टेकड्यांवर चढते, आणि मिलफोन्तेसपर्यंतच्या 20 किलोमीटरमध्ये पाय घोट्यापर्यंत रुतत राहतो. एक पाऊल टाकावं, अर्धं मागे यावं. दिवेघाट चढताना निदान मागून "ज्ञानोबा-तुकाराम" असा गजर असतो, तो पाठीला हात लावून वर नेतो. इथं मागे कुणी नाही, पुढेही नाही. डावीकडे ठेंगणी झुडपं, उजवीकडे कडा, खाली पाणी. खडकावर किंवा लाकडी खुंटावर हिरवी-निळी पट्टी दिसली की वाट बरोबर आहे.

वारीत मला वाट कधी दिसलीच नव्हती, हे मला तिथं कळलं. दिंडीत दिसतात त्या पुढच्या माउलीच्या टाचा, पताका, डोक्यावरची तुळस. इथं पायाखालचं सगळं दिसत होतं. एस्तेवा नावाचं झुडूप, चिकट पानांचं, ताटलीएवढ्या पांढऱ्या फुलांचं. कामारिन्यांची झुडपं, ज्यांना उन्हाळ्यात मोत्यासारखी फळं धरतात. वाऱ्यानं सगळी एका बाजूला विंचरल्यासारखी झालेली. तो वारा उत्तरेचा, त्याला 'नॉर्तादा' म्हणतात. दक्षिणेला चालणाऱ्याच्या तो पाठीवर असतो. दुसऱ्या दिवशीपासून मी त्यालाच मागची दिंडी मानलं.

अल्मोग्रावला ज्या घरी उतरले तिथल्या आजींना पोर्तुगीजमध्ये कसंबसं सांगितलं की मी माळकरी आहे, मासे-मटण-अंडं काही चालत नाही. त्यांनी मला ओट्याजवळ खुर्ची दिली आणि खलबत्ता काढला. लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर. आपल्या कोथिंबिरीचा वास त्या स्वयंपाकघरात सुटला आणि मला घर आठवलं. हिरवा गोळा वाटून झाल्यावर वाडग्यात घातला, वर ऑलिव्हचं तेल, मग उकळतं पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे हातानं मोडलेले तुकडे. एरवी वर अंडं सोडतात, माझ्यासाठी सोडलं नाही. याला आसोर्दा म्हणतात. आलेन्तेजू या इथल्या प्रांतातल्या गरिबाघरचं हे जेवण, शिळ्या भाकरीच्या काल्याची सख्खी बहीण. त्यांनी 'पाँव' म्हणून पाव पुढे केला, 'शाव' म्हणून खोलीची चावी दिली, पाय शेकायला 'बाल्द' म्हणून बादली दिली. हे शब्द त्यांच्या जहाजांबरोबर आपल्याकडे आले आणि आपल्या घरचे होऊन गेले. मी "चावी, बादली" असं म्हणून दाखवलं तेव्हा आजींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिसरा दिवस सार्दाऊंच्या टोकाचा. सकाळपासून धुकं होतं, समुद्र फक्त ऐकू येत होता. दीपगृहाजवळ पोहोचले आणि कड्याखालून एक आवाज आला. टक-टक-टक-टक, आधी सावकाश, मग भराभर. मी जागच्या जागी उभी राहिले. तीन दिवस टाळ नाही, मृदंग नाही, आणि समुद्राच्या पोटातून चिपळ्या! वारा फिरला, धुकं फाटलं. समोर समुद्रातून उभा उठलेला खडकाचा सुळका, त्याच्या माथ्यावर काटक्यांचं मोठं घरटं, आणि त्यात दोन पांढरे करकोचे. मान मागे टाकून, पार पाठीला टेकवून, लाल चोचीच्या दोन फळ्या एकमेकींवर वाजवत होते. करकोच्यांना गळ्यातून आवाज फारसा काढता येत नाही, एकमेकांना भेटले की ते चोच वाजवतात. एरवी युरोपभर ते छपरांवर, घंटाघरांवर, खांबांवर घरटी करतात. समुद्रातल्या कड्यांवर घरटं करणारे करकोचे जगात फक्त याच किनाऱ्यावर आहेत, असं इथले लोक अभिमानानं सांगतात. खाली लाट फुटली की तुषार अर्ध्या सुळक्यापर्यंत येत होते. पांढऱ्या पिसांत राखाडी पिल्लू हललं. मी माळ हातात घेतली आणि त्या चिपळ्यांवर हरिपाठ म्हटला, मोठ्यानं, सगळा. आप्पा असते तर त्यांनी उडी धरली असती.

हा किनारा असा राहिला याचं एक कारण म्हणजे कायदा. 1988 मध्ये या पट्ट्याला संरक्षण मिळालं, 1995 मध्ये निसर्ग उद्यान झालं. म्हणून कड्यावर हॉटेलांची रांग नाही. पण त्याच उद्यानाच्या हद्दीत, कड्यापासून थोडं आत, प्लास्टिकचे बोगदे पसरलेले आहेत. मीरा नदीवरच्या धरणाचं पाणी तिथं येतं, रासबेरी पिकते आणि उत्तर युरोपच्या दुकानांत जाते. ती तोडणारे हात आपल्याकडचे आहेत: पंजाबचे, नेपाळचे, बांगलादेशचे. निवांत किनाऱ्याचे फोटो सगळे काढतात, या हातांचे कुणी काढत नाही. मला त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय ही वारी पुरी वाटणार नाही.

झांबुजैराच्या अलीकडे माझं पाणी संपलं. मातीच्या रस्त्यावर सायकलवरून दोघं आले, मला बघून थांबले. "इंडिया से, दीदी?" एक होशियारपूरकडचा, दुसरा नेपाळचा. पाण्याची बाटली दिलीच, वर म्हणाले, जेवल्याशिवाय जायचं नाही. त्यांच्या घरी एका खोलीत आठ गाद्या होत्या, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या. राजमा, पोळ्या, कांदा. बोटांना काट्यांचे ओरखडे आणि रासबेरीचा न जाणारा लाल रंग. मी पैसे काढले तर पंजाबी मुलगा गंभीर झाला. "लंगर समझो, दीदी." इद्रिसीनं लिहिलेली रीत साडेआठशे वर्षांनीही मोडलेली नव्हती. मी त्या खोलीत जमिनीला हात लावून नमस्कार केला. घरी तीन वर्षं गेला नव्हता तो मुलगा, कागदांचीच वाट बघत होता. माझी वाट त्यापुढे किती लहान.

ओदेसैशला नदी ओलांडली की आलेन्तेजू संपून आल्गार्व सुरू होतं. पुढचे दोन दिवस पायाच्या फोडांचे. रात्री सुईनं दोरा ओवायचा, तेल चोळायचं, सकाळी बांधायचं. वारीत पाय चेपायला कुणीतरी अनोळखी बसतंच. इथं माझे पाय मीच चेपले.

अरिफानाच्या अलीकडे आतालाया नावाचं टोक आहे, तिथं मात्र दुपारभर बसले. बाराव्या शतकात इब्न कासी या सूफी गुरूनं इथं आश्रम बांधला होता. 2001 मध्ये उत्खननात त्याच्या भिंती सापडल्या. छोट्या छोट्या मशिदी, आता गुडघ्याएवढ्या भिंतींच्या. कड्याच्या काठावर ध्यान करायचं आणि समुद्रावर नजरही ठेवायची, अशी ती जागा. 1151 मध्ये इब्न कासी मारला गेला आणि आश्रम ओस पडला. माहितीचा एक फलक, वारा, थाइमचा वास. एकाच किनाऱ्यावर, दोन-तीन दिवसांच्या चालीच्या अंतरात, एका काळी सूफींचा जप चालत होता आणि कावळ्याच्या देवळात पंगती उठत होत्या. त्या टोकावर मला फार शांत वाटलं.

कारापातैरा, विला दो बिश्पो. नवव्या दिवशी दीपगृह दिसलं, लाल टोपीचं. ते 1846 पासून आहे, फ्रान्सिस्कन मठाच्या जागेवर. देऊळ राहिलेलं नाही. मोटारी होत्या, फोटो काढणारे लोक होते. मी त्यांना ओलांडून थोडी बाजूला, कड्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर बसले. पाणी गावातूनच भरून आणलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक भूगोलकार स्त्राबो एका जुन्या प्रवाशाच्या हवाल्यानं सांगतो, की या पवित्र टोकावर मूर्ती नव्हती, देऊळही नव्हतं. तीन-तीन, चार-चार दगड एकत्र मांडलेले असत आणि येणारे ते रीतीप्रमाणे फिरवत. रात्री तिथं पाऊल ठेवायची मनाई, कारण रात्री जागा देवांची. म्हणून लोक जवळच्या गावात मुक्काम करून दिवसा येत, आणि टोकावर पाणी नाही म्हणून सोबत घेऊन येत.

मी माळ मांडीवर ठेवली. पंढरपूरला कळस दिसला की आप्पा जागीच लोटांगण घालत. मी तसंच घातलं, दगडावर, पश्चिमेला तोंड करून. उठले तेव्हा कपाळाला वाळू होती, ती पुसली नाही.

सूर्य टेकायला आला आणि मी निघाले, रात्र देवांची म्हणून. गाड्यांजवळ पोहोचल्यावर आईला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, ती जागीच होती.

"पोचलीस?"

"पोचले."

"कावळा दिसला का गं?"

दिसला होता. मी लोटांगणातून उठले तेव्हा कड्याच्या खालून वाऱ्यावर चढत दोन आले होते, काळेभोर, कावळ्यासारखेच, पण चोच आणि पाय लालभडक. या कड्यांच्या कपारीत राहणारे. माझ्यापासून दहा हातांवर उतरले, जमिनीत चोच खुपसून किडे वेचले आणि परत कड्याखाली गेले.

"दोन आले होते," मी म्हणाले. "चोच लाल होती त्यांची."

आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आप्पा विडा खायचे ना."