कोठडीच्या छतातला झरोका

"आई, इथे खरंच माणसं राहायची?"

तोपर्यंत लेक नुसती किंचाळत होती. काल रात्री फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी या जुन्या तुरुंगात हॅलोविनचे घाबरवणारे भुलभुलैये बघायला गेलो होतो. काळोख, धूर, कोपऱ्यातून अंगावर येणारे रंगवलेले चेहरे. गळ्यात चमकणारी माळ घातली की कलाकारांना तुम्हाला हात लावायची मुभा. लेकीने हट्टाने घातली होती.

बाहेर पडताना ती एका उघड्या कोठडीपाशी थांबली. भिंतींचे पोपडे निघालेले आणि वर छतात एक अरुंद झरोका. बास, एवढंच.

1829 साली हा तुरुंग सुरू झाला तेव्हा कैद्याला एकट्याला ठेवायचे. कोणाशी बोलायचं नाही. कोठडीबाहेर नेताना डोक्यावरून बुरखा ओढायचे, म्हणजे कोणाचा चेहराही दिसू नये. एकांतात माणूस पश्चात्ताप करेल, सुधारेल, असं त्यांना मनापासून वाटायचं! इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये इथे येऊन गेला. मनाचा हा छळ त्याला शरीराच्या छळाहून भयंकर वाटला.

तुरुंग 1971 मध्ये बंद झाला. तिकिटांचे पैसे या जुन्या वास्तूच्या जतनाला जातात, त्यामुळे गेल्याचं वाईट नाही वाटत. पुन्हा जाईनही, पण दिवसा.

न्यू जर्सीला परतताना लेक गाडीत गप्प होती. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या झरोक्यातून त्यांना चांदण्या दिसत असतील का गं?"