चोरलचा पाऊस, बाफले आणि न भिजणाऱ्या काड्या

श्रावणात इंदूरहून खंडवा रोडने चोरलला एक मुक्काम केला. सिमरोल सोडलं आणि पाऊस जो सुरू झाला तो रात्रीपर्यंत थांबायचं नावच घेईना. बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) घरूनच उकडून नेले होते, तिकडे नुसते निखाऱ्यावर भाजायचे होते, पण निखारे व्हायला आधी विस्तव पेटायला पाहिजे ना भिया! मित्राची खिशातली काडेपेटी लगदा झाली, लायटरचं चाक ओलं, ठिणगीच पडेना.

आमच्याकडे घरी वॉटरप्रूफ केलेल्या काड्या होत्या म्हणून निभावलं. करायला सोप्या आहेत. मेणबत्तीचे तुकडे वाटीत घालून वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, मेण कधी थेट गॅसवर वितळवू नका, आणि काड्या जवळ आणायच्या आधी गॅस बंद. गुल (काडीचं पेटणारं टोक) आणि अर्धी काडी पटकन बुडवून काढायची, थर पातळच हवा. लाकडी काड्या घ्या, मेणकाड्या मऊ पडतात आणि घासताना वाकतात.

मला मात्र नेलपॉलिशच्या जास्त आवडल्या. वहिनीची बिनरंगी बाटली मागून घेतली (परत द्यायची आहे अजून), गुलावर आणि थोडं खालपर्यंत लावलं आणि काड्या कणकेच्या गोळ्यात उभ्या खोचून खिडकीपाशी वाळवल्या. नेलपॉलिश भडकतं, तेव्हा आसपास दिवा, उदबत्ती काही नको. मेणाचा थर बॅगेत घासून निघतो आणि उन्हात गाडीत ठेवलं तर काड्या एकमेकींना चिकटतात, नेलपॉलिशचं तसं होत नाही. मेणाची काडी घासायच्या आधी नखाने गुल थोडा खरवडा, नाहीतर पट्टीवर मेण बसतं आणि पुढची काडी पेटत नाही.

पण खरी गोम पट्टीतच आहे. आपल्याकडच्या काड्या दगडावर वगैरे पेटत नाहीत, लाल फॉस्फरस पेटीच्या पट्टीत असतो, गुलात नाही. काडी कितीही वॉटरप्रूफ करा, पट्टी भिजली की सगळं मुसळ केरात. म्हणून दोन पट्ट्या कापून वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा, पट्टीला मेण किंवा पॉलिश काही लावू नका. काड्या घट्ट झाकणाच्या गोळ्यांच्या बाटलीत. त्याच बाटलीत पट्टी मोकळी टाकू नका, गुल घासला गेला तर बाटलीतच पेट घेईल. निघण्याआधी एक काडी तासभर पाण्यात ठेवून, पुसून, पेटवून बघा.

काडी पेटली म्हणून ओलं लाकूड पेटत नाही हेही लक्षात ठेवा. गोवऱ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून न्या, तिथे कोरड्या मिळतील या भरवशावर राहू नका, आणि कापूर किंवा व्हॅसलीन लावलेला कापूस जवळ ठेवा, तो बराच वेळ जळतो. चूल नदीच्या पात्रापासून वर, उंचावर मांडा, पावसात पाणी एकदम चढतं, 2011 मध्ये पाताळपाणीच्या धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली, ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. बाफल्यांना तूप मात्र घरून जास्तच न्या, आम्हाला कमी पडलं.