आमची वाटचाल : द्राक्षाच्या मांडवातून मधुमालतीकडे

नाशिकला मखमलाबाद रस्त्यावर आमची रोपवाटिका आहे. घर मूळचं द्राक्षबागायतदारांचं. वडिलांच्या बागेचा थोडाच भाग आता उरलाय, बाकीच्या जागेत आम्ही नवराबायको वेली वाढवतो. गुलाब, जास्वंद, आंब्याची कलमं कुठल्याही नर्सरीत मिळतात, म्हणून आम्ही फक्त वेली करायचं ठरवलं. कृष्णकमळ, अलमांडा, बोगनवेल सगळं आहे; पण धंदा उभा राहिला तो मधुमालतीवर.

सुरुवातीला नुसती रोपं विकायचो. वर्षा-दीड वर्षानं तेच गिऱ्हाईक येऊन सांगायचं, "दादा, वेल पार गच्चीवर गेली, फुलं मात्र नाहीत." घरी जाऊन पाहावं तर वेल सरळ वर सोडलेली, शेंड्याला चार घोस, खाली नुसतं लाकूड आणि बुडाशी युरियाचा मारा. बागायतदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही. द्राक्षाचा ओलांडा, म्हणजे मांडवावरची मुख्य फांदी, आपण आडवा का धरतो? आडव्या काडीचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, सगळीकडून फुटतात म्हणून. मधुमालतीचंही तसंच आहे. तिचे घोस नव्या फुटीच्या टोकाला लागतात. लांब शेंडे तारेवर आडवे बांधले की बगलफूट निघते आणि भिंत खालपासून भरते.

तेव्हापासून आम्ही रोप, तारांचा आधार, लावणी आणि छाटणी असं एकत्रच काम घेतो. गंगापूर रोडचे बंगले, इंदिरानगर, सिडकोतली छोटी घरं, सगळीकडे जातो. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवून दोन फुटी खड्डा. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून मुरूम, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळल्याशिवाय आम्ही रोप लावत नाही. ऊन पाच-सहा तास तरी हवं. कृष्णकमळाला तारेला विळखा घालणारे तणावे असतात, मधुमालतीला ते नसतात. तिचं पान गळलं की देठाचा बुडखा मागे राहतो आणि काट्यासारखा टणक होतो. त्याच्या आधारानं ती झाडावर चढते, पण सपाट भिंतीवर सुतळीनं बांधावीच लागते. छाटताना हातमोजे घाला, हे आम्ही प्रत्येकाला बजावतो.

थंडीत आमचा फोन जास्त वाजतो. नाशिकची थंडी या उष्ण प्रदेशातल्या वेलीला मानवत नाही, जानेवारीत ती पानं टाकते आणि लोकांना वाटतं, गेली. नखानं साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर निर्धास्त राहा. पाणी कमी करा. फेब्रुवारीच्या शेवटी छाटणी करा, उन्हाबरोबर नवी फूट येते.

अडचण अशी की नेमकी तेव्हाच द्राक्षाची काढणी असते. पेठ-सुरगाण्याकडची जी मंडळी कात्री उत्तम चालवतात, ती सगळी बागांत गुंतलेली. म्हणून आम्ही जवळपासच्या काही ताईंना छाटणी शिकवली. कुठला डोळा ठेवायचा, जुनं लाकूड कुठून काढायचं, हे आता त्या माझ्याआधी सांगतात. छाटणीच्या कामात आज आमची खरी भिस्त त्यांच्यावर आहे.

एक निर्णय मात्र बायकोचा : नर्सरी रात्री आठपर्यंत उघडी ठेवायची. मधुमालतीची कळी उमलते संध्याकाळी. तेव्हा फूल पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. वास अंधार पडल्यावर सुटतो, कारण लांब सोंडेचे मोठे पतंग मध प्यायला रात्रीच येतात. दुपारी आलेलं गिऱ्हाईक पानं बघून भाव विचारतं आणि निघून जातं. सातनंतर आलेलं वेलीखाली थांबतं, आणि बहुतेक वेळा रोप घेऊनच जातं.

2020 च्या लॉकडाऊननंतर फ्लॅटवाल्यांची मागणी वाढली. त्यांच्यासाठी गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये वेल लावून देतो. ड्रममध्ये ती आटोपशीर राहते, पण उन्हाळ्यात रोज पाणी आणि महिन्याला मूठभर गांडूळखत लागतं. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, तीन-चार डोळ्यांच्या, शेडनेटखाली पिशव्यांत लावतो. सध्या दुहेरी पाकळ्यांच्या जातीची रोपं वाढवतोय. तिला बी सहसा धरत नाही, त्यामुळे सगळी मदार काडीवर आणि दाब कलमावर, म्हणजे फांदी मातीत दाबून तिला मुळं फुटू देण्यावर. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती विक्रीला येतील.