कराचीची धूळ माझ्या स्कूटरवर

२०२२ च्या जानेवारीतला तो रविवार आठवतोय का मुंबईकरांनो? सकाळी खाली गेलो तर स्कूटरच्या काळ्या सीटवर पांढरट भुकटी, कोणीतरी टाल्कम पावडर सांडल्यासारखी. वाटलं, समोरच्या टॉवरचं बांधकाम, दुसरं काय, दोन शिव्या ओठावर आल्याच होत्या, पण बोट फिरवून बघितलं तर सिमेंटसारखी खरखरीत नाही, एकदम मऊ. मग बातम्यांत कळलं की ही पाहुणी पाकिस्तानातून आलीय, अरबी समुद्र ओलांडून, व्हिसाबिसा काही नाही.

दिवसभर सूर्य दुधाच्या पातेल्यात पडल्यासारखा. भर दुपारी आई शाल घेऊन बसलेली, मुंबईत! म्हणाली, "अरे आज ऊन गेलं कुठे?" आता थंड वारं पण होतंच, सगळं काही धुळीने केलं नाही, पण प्रश्न बरोबर होता. बरंचसं ऊन वरच अडकलं होतं.

हवेत तरंगणाऱ्या असल्या बारीक कणांना एरोसोल म्हणतात. धूळ, धूर, मीठ, गंधकाचे कण सगळे त्यातच. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला, त्या वायूचे गंधकाचे कण झाले, त्यांनी ऊन अडवलं आणि पुढच्या वर्षी अख्ख्या पृथ्वीचं सरासरी टेम्परेचर साधारण अर्धा डिग्री उतरलं. तो इतका टिकला कारण तो पोचला होता पाऊसबिऊस नसतो त्या उंचीवर, आपल्या स्कूटरवरची धूळ बिचारी आठवडाभरात खाली येते किंवा धुऊन जाते.

मला सगळ्यात गंमत वाटते ती जहाजांची. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधक ३.५ टक्क्यांऐवजी फक्त ०.५ टक्के चालेल असा जगभर नियम आला, चांगलाच नियम, बंदराजवळ राहणाऱ्यांची फुप्फुसं वाचली. पण त्याच घाणेरड्या धुरामुळे समुद्रावरचे ढग जास्त पांढरे व्हायचे आणि ऊन परत पाठवायचे, सॅटेलाइटवरून जहाजांमागे ढगांच्या रेघाच्या रेघा दिसायच्या. त्या कमी झाल्या, म्हणजे सावलीही कमी झाली! इतकी वर्षं धूर आपल्याच तापाला झाकून ठेवत होता तर.

आणि जे ऊन खाली येतं त्याचं काय? पृथ्वीवर जी जादा उष्णता साठतेय त्यातली जवळपास ९० टक्के समुद्र गिळतो. अख्ख्या वातावरणात मावते तेवढी उष्णता समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर पाण्यातच मावते, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. म्हणून समुद्र हळू तापतो, आणि तापला की लवकर निवत नाही, आमच्या चुलत्यांच्या रागासारखा.

बरं, धूळ नुसती गारवाच देते असंही नाही हं. खालच्या जमिनीवर, पाण्यावर सावली पडते पण धूळ ज्या हवेत असते ती हवा तापते, कारण कण स्वतः ऊन शोषतात. आयआयटी भुवनेश्वरच्या विनोज यांच्या टीमने २०१४ मध्ये दाखवलं की अरबस्तानाकडची धूळ अरबी समुद्रावर आली की वरची हवा तापते, ती बाष्पवाले वारे आपल्याकडे ओढते आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. म्हणजे वाळवंटाने पाऊस पाठवायचा, घ्या!

समुद्रही स्वतः कण उडवतो. वेंगुर्ल्याला मामाकडे खिडकीचं ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवावंच लागतं, नाहीतर गंज पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो, आणि मामी काच पुसते ती संध्याकाळपर्यंत परत धूसर. लहानपणी मी ती काच चाटून बघायचो (मार पण खाल्लाय). खारट. लाट फुटली की बुडबुडे फुटतात, त्यातून मिठाचे कण उडतात, काही मामीच्या खिडकीवर बसतात, काही वर जातात आणि त्यांच्याभोवती पाणी जमून ढगाचा थेंब होतो.