1991 च्या माझदा एमएक्स-5 साठी रेडिएटर: जाडीचा मोह आणि मापांची वही

मागच्या नोंदीत टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपाचे काम संपल्याचे लिहिले होते. त्याच कामात, बॉनेट उघडे असताना, रेडिएटरच्या वरच्या टाकीचा रंग खटकला होता. ही टाकी मुळात काळी कुळकुळीत असते. माझ्या गाडीत ती शेवाळासारखी तपकिरी-हिरवट झाली होती. पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 चे मालक हा रंग बदलला की रेडिएटरचे दिवस भरले असे समजतात, आणि त्याला कारणही आहे. टाकी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते आणि गरम पाणी व ग्लायकॉल यांच्या सततच्या संपर्काने ते नायलॉन वर्षानुवर्षे ठिसूळ होत जाते. टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमचा कोअर (पाण्याच्या नळ्या आणि त्यांच्यामधल्या पातळ पत्र्यांच्या, म्हणजे फिन्सच्या, जाळीचा गाभा) जिथे पत्र्याचे दात वाकवून एकमेकांना आवळलेले असतात, त्या शिवणीवर पांढुरक्या क्षाराची बारीक रेघ धरली होती, आणि वरचा होज ज्या तोंडावर चढतो त्याच्या बुंध्याशी नखाला जाणवेल एवढी भेग पडलेली होती. ही भेग एखाद्या दिवशी भर रस्त्यात उलगडली असती, आणि या इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) तापून वाकणे म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको.

रेडिएटर बदलायचाच होता, तरी गाडी गरमही होत होती, ती तक्रार खरोखर त्याचीच आहे का, हे आधी तपासून घेतले. गाडी उभी असताना किंवा संथ रहदारीत तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होत असेल, तर संशय पंखा, त्याचा रिले आणि त्याचे आवरण यांच्यावर घ्यावा. उलट वेगात काटा चढत असेल, तर कोअर आतून चोंदला आहे, खालचा होज आत ओढला जाऊन दबतो आहे, किंवा हवा रेडिएटरमधून न जाता त्याला वळसा घालून जाते आहे, असे समजावे. माझ्या गाडीत दोन्ही लक्षणे थोडी थोडी होती. कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या ग्लायकॉल-पाण्याच्या मिश्रणात) ज्वलनवायू येतात का हे पाहणाऱ्या निळ्या द्रावणाची चाचणी घेतली. ते पिवळे पडले नाही, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचे गळती रोखणारे पातळ पान) शाबूत होते. त्यानंतरच नव्या रेडिएटरच्या शोधाला लागलो.

इथे माझी पहिली चूक झाली. ती सविस्तर लिहितो, कारण या छंदातले बरेच जण त्याच वाटेने जातात. मी सर्वांत जाड कोअर असलेला, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर मागवला. त्याचा कोअर 52 मिलीमीटर जाड होता, टाक्यांवरचे वेल्डिंग देखणे होते, आणि तो हातात घेतल्यावर आता ही गाडी कधी तापणार नाही असे वाटण्याइतका तो वजनदार होता. बसवताना मात्र पंख्यांचे आवरण मागे सरकले आणि त्याची खालची कड अँटी-रोल बारपासून (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या सळईपासून) जेमतेम कागद जाईल इतक्या अंतरावर आली. इंजिन रबरी माउंटवर हलते, बॉडी खड्ड्यात पिळवटते. अशा ठिकाणी कागदाएवढी फट म्हणजे फट नव्हेच. आवरण कापून पंखा आत बसवता आला असता, पण कोअरच्या कडेने हवा चोरवाटेने आत शिरू नये म्हणून तर आवरण असते. ते कापायचे आणि जाड कोअर लावायचा, हा व्यवहार मला पटला नाही.

जाडीचा दुसरा तोटा कागदावर दिसत नाही. उष्णता हवेला द्यायची असते आणि कोअरमधून जाताना हवा वाटेतच तापत जाते, त्यामुळे मागच्या थरातल्या नळ्यांच्या वाट्याला आधीच गरम झालेली हवा येते. शिवाय कोअर जितका जाड आणि फिन्स जितक्या दाट, तितका हवेला अडथळा अधिक. शंभराच्या वेगाने समोरून येणारी हवा तो अडथळा रेटून पार करते, पण उभ्या गाडीत मूळचा छोटा विजेचा पंखा ती हवा ओढू शकत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर अर्धा अर्धा तास पूर्ण थ्रॉटलवर राहणाऱ्या गाडीला जाड कोअर जरूर लावावा. माझ्यासारख्या रविवारी फिरणाऱ्याच्या गाडीला तो शोभेपुरता. किती ‘रो’ (नळ्यांच्या ओळी) आहेत या आकड्यावरही फार विसंबू नये, कारण रुंद नळ्यांच्या दोन ओळी अरुंद नळ्यांच्या तीन ओळींपेक्षा सरस ठरू शकतात.

तो रेडिएटर परत पाठवला आणि या वेळी आधी मापे घेऊन वहीत लिहिली: कोअरची उंची, रुंदी आणि जाडी, वरच्या व खालच्या तोंडांचा बाहेरचा व्यास, ती कोणत्या बाजूला आहेत आणि कोणत्या कोनात वळलेली आहेत, खालच्या रबरी बुशमध्ये बसणाऱ्या खुंट्यांमधले अंतर, वरच्या ब्रॅकेटची भोके, पंख्याच्या आवरणाचे बोल्ट. मापे घेतानाच एक कोडे सुटले. खालच्या टाकीला दोन जास्तीची तोंडे होती आणि त्यांना बुचे मारलेली होती. माझी गाडी मॅन्युअल गिअरची आहे. ऑटोमॅटिक गाडीच्या रेडिएटरमध्ये खालच्या टाकीत गिअरबॉक्सचे तेल थंड करण्याची नळी असते. म्हणजे आधीच्या कोणत्या तरी मालकाने ऑटोमॅटिकचा रेडिएटर आणून बसवला होता आणि मी इतकी वर्षे तोच ‘मूळचा’ समजत होतो. त्याने काही बिघडत नाही, पण जुन्या गाडीवर जो भाग बसलेला आहे तोच कारखान्यातला आहे असे धरून चालू नये. म्हणून मापांच्या जोडीला 1.6 लिटर बी6 इंजिनाच्या मॅन्युअल गाडीचा पार्ट नंबरही पडताळून घेतला. पंख्याचा थर्मोस्विच (ठराविक तापमानाला पंखा सुरू करणारा स्विच) या गाडीत रेडिएटरवर नसून इंजिनाच्या पुढच्या बाजूला थर्मोस्टॅटच्या (कूलंट गरम झाल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर असतो, त्यामुळे स्विचसाठी वेगळे भोक असलेला ‘सर्व गाड्यांना चालणारा’ रेडिएटर विनाकारण गळतीची एक जागा वाढवतो.

शेवटी निवडला तो मूळच्या मापाचा, अ‍ॅल्युमिनियमचा कोअर आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला साधा रेडिएटर. या निवडीला काहीजण नाके मुरडतील. पण ज्या बनावटीच्या टाकीने दोन दशकांहून अधिक काळ साथ दिली, तिला मी कमकुवत म्हणणार नाही. बाजारात चमकणाऱ्या स्वस्त अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरांपैकी काहींमध्ये नळ्या टाकीला भट्टीत ब्रेझ न करता (वितळलेल्या धातूने न जोडता) इपॉक्सीने चिकटवलेल्या असतात, आणि त्या जोडाची मला जास्त भीती वाटते. (ज्यांची गाडी साठच्या दशकातली आहे आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, त्यांचा प्रश्न निराळा. त्यांनी जुन्या टाक्या व ब्रॅकेट ठेवून नुसता कोअर बदलून घ्यावा. माप जुळवण्याची कटकटच उरत नाही.)

बसवण्यापूर्वी रेडिएटर डिस्टिल्ड वॉटरने तीनदा विसळला. पहिल्या पाण्यात राखाडी कण निघाले, ते बहुधा ब्रेझिंगच्या फ्लक्सचे असावेत. वरचा-खालचा होज, क्लॅम्प, थर्मोस्टॅट आणि झाकण हे सगळे नवे घेतले. थर्मोस्टॅटच्या कडेला हलणारी एक बारीक पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी, म्हणजे अडकलेली हवा तिच्यातून निसटते. झाकणाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण 0.9 बारचा दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, आणि झाकणाचा रबर वाळला की हे सगळे संरक्षण संपते.

खरा फरक मात्र ज्याने पडला ते कामच वेगळे होते. गाडीखालचे प्लास्टिकचे तळकवच अर्धे तुटलेले होते आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या फोमच्या पट्ट्यांचा भुगा झाला होता. या गाडीत बंपरच्या तोंडातून आलेली हवा कोअरमधून ढकलली जावी म्हणून तळाचे कवच असते; ते नसेल तर इंजिनाच्या खोलीत खालून हवा शिरते, रेडिएटरच्या पुढचा आणि मागचा दाब सारखा होऊ लागतो आणि वेगात जाऊनही कोअरमधून हवा वाहत नाही. दुसरे कवच मिळवले आणि पट्ट्या नव्या फोमने भरल्या. एका बाजूला बोट जाईल एवढी फट होती, तिथे फोम दोन पदरी लावला.

कूलंट भरताना गाडीचे नाक जॅकवर उचलले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि निम्मे ग्लायकॉल, निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण हळूहळू ओतले. पूर्ण गाडीत साधारण 6 लिटर मावते, पण सुरुवातीला चारच लिटर गेले. थर्मोस्टॅट उघडल्यावर एक मोठा बुडबुडा ‘बुळुक्’ करून वर आला आणि पातळी एकदम वीतभर खाली गेली. उरलेले त्यानंतर मावले.

तापमान पाहायला इन्फ्रारेड मापक वापरला. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खोटे, फार कमी आकडे दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून त्यावर नेम धरला. पूर्वी वीस मिनिटे उभे राहिल्यावर पंखा थांबतच नसे. आता तो 97 अंशांच्या आसपास सुरू होतो, दीड मिनिटात बंद होतो आणि पुन्हा सुरू व्हायला तीन-चार मिनिटे घेतो. मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवून थांबवल्यावर पट्टीवर 88 दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या होजच्या क्लॅम्पखाली एकच थेंब लोंबकळत होता. थंड इंजिनावर क्लॅम्प पाव वळसा आवळला, तेव्हापासून ती जागा कोरडी आहे. आता फायरवॉलजवळचे (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याजवळचे) हीटरचे दोन होज उरले आहेत. तेही त्याच वयाचे आहेत आणि दाबल्यावर बिस्किटासारखे करकरतात. हात जेमतेम पोहोचतो अशा जागी ते आहेत, त्यामुळे पुढची नोंद त्यांचीच असेल.