पीस सात

मालवणातल्या एका बँकेसाठी मी सोनेतारणाचं मूल्यांकन करतो. घराण्याची सोनाराची लहानशी पेढी आहे, ती सांभाळून आठवड्यातले तीन दिवस शाखेत बसायचं. जुलैचा शेवटचा आठवडा आमच्याकडे सगळ्यात गर्दीचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या पुन्हा पाण्यात जायच्या तर इंजिनाची दुरुस्ती, जाळी, डिझेल, बर्फ, सगळ्यालाच पैसा लागतो. मग कपाटातल्या पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्रं बँकेत येतात आणि हंगाम लागला की सुटतात.

त्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. ओल्या छत्रीतून पाणी गळू नये म्हणून ती त्यांनी दाराशीच ठेवली, पदराला हात पुसले आणि मखमली डबी माझ्यापुढे सरकवली.

"भाऊ, ह्येच्यार पैशे किती गावतले?"

डबीत हिऱ्याची अंगठी होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नवऱ्याने गेल्या दिवाळीत घेतलेली. बिल ९२ हजारांचं, घडी करून डबीतच ठेवलेलं. वहिनींना साठ-पासष्ट हजारांची गरज होती आणि त्यांचा हिशोब पक्का होता. शोरूममधल्या मुलाने सांगितलं होतं की बिलाच्या पाऊण रकमेइतकं कर्ज बँक कधीही देते, आणि हिरा तर सोन्यापेक्षा जास्त वाढतो.

अंगठी काट्यावर ठेवली. ४.३२ ग्रॅम. सोनेतारणात आम्ही फक्त सोनं धरतो. हिरा, माणिक, मोती काहीही असो, त्याचं वजन वजा होतं आणि कर्जाच्या हिशोबात त्याची किंमत शून्य. हे मी रोज कुणाला तरी सांगतो, तरी प्रत्येक वेळी जीभ जड होते.

खडा किती वजा करायचा हे पाहायला बिल उघडलं. हिऱ्याचं वजन ०.३५ कॅरेट. म्हणजे पस्तीस सेंट. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तेव्हा वजावट ०.०७ ग्रॅम, निव्वळ सोनं ४.२५. तेही अठरा कॅरेटचं, म्हणजे शुद्ध सोनं ३.१९ ग्रॅम. इथपर्यंत नेहमीचंच. पण अंगठीकडे पाहिलं आणि काहीतरी खटकलं. ३५ सेंटचा एकच गोल हिरा साधारण साडेचार मिलिमीटरचा असतो. हा माथा सात मिलिमीटरचा होता. सव्वा कॅरेटच्या हिऱ्याएवढा.

दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं. मध्ये एक हिरा आणि भोवती सहा, इतके चिकटून बसवलेले की मधली रेघ नुसत्या डोळ्याला दिसत नाही. प्रेशर सेटिंग. प्रत्येकी पाच सेंटचे सात हिरे. काम सुंदर होतं, त्यात खोटं काही नव्हतं. मी पुन्हा बिल पाहिलं. तिसऱ्या ओळीत, बारीक इंग्रजी अक्षरांत, छापलेलं होतं: पीस ७.

"वहिनी, हे सात हिरे आहेत."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्या झिलान माका सांगल्यान, एकच हिरो आसा, मोठो. सॉलिटेअर म्हणान."

बिलात खरं होतं, तोंडी सांगितलेलं चूक होतं आणि आमच्या वहिनी तोंडी सांगितलेलं घेऊन घरी आल्या होत्या. इंग्रजी बारीक अक्षर कोण वाचतं? ३५ सेंटचा एकच हिरा सात बारक्या हिऱ्यांपेक्षा कितीतरी महाग असतो, कारण आकार वाढला की कॅरेटचा दरच चढतो. हे दुकानाला माहीत होतं, बिल सात हिऱ्यांच्या दरानेच केलं होतं. म्हणजे पैसे जास्त घेतले असंही नाही. पण एका बाईने दिवाळीपासून आपल्या बोटात जे आहे असं मानलं, ते तिथे नव्हतं.

कर्ज त्या दिवशी वहिनींच्या पाटल्यांवर झालं, ते लवकर उरकलं. वहिनी मात्र उठेनात. शेवटी मला म्हणाल्या, तुमी येतास काय माझ्यावांगडा? दुपारी माझी बँकेची वेळ संपली आणि आम्ही हायवेलगतच्या त्या शोरूमकडे निघालो.

काउंटरवर तोच मुलगा होता. बावीस-तेवीसचा, काळा कोट, गळ्यात ओळखपत्र. आधी मोबाइलच्या दुकानात होता आणि इथे येऊन दहा महिने झाले होते, हे नंतर कळलं. वहिनींना त्याने लगेच ओळखलं, "बसा काकी" म्हणाला, पाणी मागवलं. मनाने सरळ मुलगा.

मी विचारलं, "हा हिरा नैसर्गिक आहे की लॅबमधला?"

"लॅबचाच आहे सर," तो अभिमानाने म्हणाला. "आमचे सगळे हिरे लॅबचेच. सर्टिफिकेट आहे ना."

मी सर्टिफिकेट मागितलं. त्यावर नैसर्गिक हिरा असं लिहिलेलं होतं. लॅबमध्ये तपासलेला आणि लॅबमध्ये वाढवलेला, हे त्याच्या लेखी एकच होतं. आज लॅबमध्ये वाढवलेला हिरा नैसर्गिकच्या किमतीच्या एका लहानशा भागात मिळतो. दोन्ही शुद्ध कार्बन, भिंगातून फरक कळत नाही. अशा वेळी काउंटरवरचा शब्दच गिऱ्हाइकाचा आधार असतो. या मुलाने नैसर्गिक हिरा लॅबचा म्हणून सांगितला. उद्या उलटं सांगितलं तर?

"आणि अस्सल आहे कशावरून?"

त्याने अंगठीच्या आतल्या बाजूचा शिक्का दाखवला. "हॉलमार्क आहे सर." शिक्का बरोबर होता: बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा त्रिकोण, अठरा कॅरेटचा ७५०, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. पण हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. मग त्याने टेस्टर आणला, टोक हिऱ्यावर टेकवलं, दिवा लागला, टीं वाजलं. हा टेस्टर उष्णता किती पटकन वाहते एवढंच मोजतो. अमेरिकन डायमंड, म्हणजे झिरकोनियाचा खडा, त्यात पकडला जातो. मॉयसनाइट हा हिऱ्यासारखाच दिसणारा दुसरा खडा मात्र बहुतेक वेळा सुटतो, कारण तोही उष्णता तशीच वाहून नेतो.

मला राग आला होता. त्याच्यावर नाही. एवढं चकचकीत दुकान, काचेच्या कपाटाला दोन-दोन कुलपं आणि आत उभ्या केलेल्या पोराला कॅरेट शिकवायला कुणाला एक दिवस सापडला नाही! सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, हिऱ्याचा कॅरेट वजनाचा, हा मराठीत एकाच शब्दामुळे होणारा घोटाळासुद्धा त्याला कुणी सोडवून दिला नव्हता.

मी खिशातलं भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने ते पेपर वाचताना धरतात तसं लांब धरलं.

"तसं नाही. भिंग डोळ्याला अगदी चिकटव. दोन्ही कोपरं काउंटरवर टेक, हात हलता कामा नये. दुसरा डोळा मिटू नको. आता अंगठी जवळ आण, हळूहळू, स्पष्ट दिसेपर्यंत."

तो वाकला. बराच वेळ काही बोलला नाही. मग ओठ हलले. एक, दोन, तीन... सातवर थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. भिंग खाली ठेवलं तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. "काकी, मला खरंच माहीत नव्हतं. मला एकच सांगितलं होतं."

मॅनेजर आले. घडणावळ आणि कर कापून अंगठी परत घ्यायची त्यांची तयारी होती. मुलाला मात्र ते सगळ्यांसमोर बोलू लागले, तेव्हा वहिनींनी हात वर केला.

"त्येका कित्याक बोलतास? त्येकाच म्हायत नाय, तर तो आमका काय सांगतलो?"

अंगठी त्यांनी परत दिली नाही. घोवान दिलेली आसा, म्हणाल्या. पण बिल पुढे सरकवून त्यांनी मॅनेजरना त्यावर मराठीत लिहायला लावलं: या अंगठीत सात हिरे आहेत, एक नाही. खाली सही, शिक्का. मॅनेजर दोनदा म्हणाले की बिलात ते आहेच. वहिनी हलल्या नाहीत. लिहून झाल्यावर त्यांनी एकेक अक्षर बोटाने वाचलं आणि मग घडी केली.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी तो मुलगा माझ्या पेढीवर आला. स्वतःच्या पगारातून भिंग घेतलं होतं. सोबत वही. पहिल्या पानावर हिऱ्याच्या रंगाच्या श्रेणी, डी पासून झेडपर्यंत, त्याखाली शुद्धतेच्या पायऱ्या, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, सगळं पाठ करून आला होता. मी कपाटातून एक मॉयसनाइट काढून दिला. त्यात प्रकाशकिरण दुभंगतो, म्हणून मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, असं त्याने वाचलं होतं.

दहा मिनिटं तो खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून सरळ आत बघत राहिला.

"काका, कडा एकेरीच दिसतायत."

"सरळ बघशील तर एकेरीच दिसणार. तिरका कर. बाजूच्या पैलूतून बघ."

त्याने चिमटा किंचित कलता केला आणि श्वास रोखला.