मागल्या पडवीतला एक तास

बर्लिनमधल्या माझ्या घराला अंगण नाही. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराची खिडकी आहे आणि खिडकीबाहेर टांगलेले सूर्यफुलाचे दाणे. ही सवय शेजारच्या आजींनी लावली. तिथे दर जानेवारीत 'नाबू' ही निसर्गसंस्था लोकांना तासभर पक्षी मोजायला बसवते. एका जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले, तेवढाच आकडा लिहायचा. नाहीतर एकच निळी टिट सात वेळा दाण्यावर येते आणि आपण सात टिट लिहून मोकळे होतो.

डिसेंबरात मुरूडला, म्हणजे दापोलीजवळच्या आमच्या गावी आले आणि दुसऱ्याच सकाळी कॅमेरा घेऊन मागल्या पडवीत बसले. साडेसात ते साडेआठ. माझं लहानपण याच पडवीत गेलं, पण आगराकडे बघत तासभर गप्प बसल्याचं आठवत नाही.

पहिली पंधरा मिनिटं फक्त कावळे. मग आईने शिंपण सुरू केलं. पाटाचं पाणी पोफळींच्या बुंध्याशी पोचलं, पाचोळा भिजला, त्याखालचे किडे हलायला लागले. शेपटी उभारून दयाळ उतरला. त्याच्यामागून नारिंगी डोक्याचा कस्तूर आला. पांढऱ्या गालावर दोन उभ्या काळ्या रेघा, आणि चोचीने एकेक पान उलटायचं काम अगदी मन लावून. पोफळींखाली उजेड इतका कमी, की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, ३२०० करूनही पहिले दहा फोटो हलले. शेवटी कॅमेरा पायरीवर टेकवला. पान उलटल्यावर तो क्षणभर थबकतो, तेवढ्यात बटण दाबायचं, हे कळल्यावर एक फोटो नीट आला.

वईच्या कडेने भारद्वाज चालत आला. मी नाव सांगितलं, तर आई म्हणाली, "भारद्वाज तुमच्या पुस्तकात. आपला हा कुंभारकावळा. गोगलगायी खातो गो, हाकलू नकोस त्याला."

तासाभरात सतरा जाती झाल्या. बर्लिनच्या खिडकीतला माझा सर्वांत मोठा आकडा नऊ आहे.

संध्याकाळी ओहोटीला समुद्रावर गेले. ओल्या वाळूवर कुरव बसले होते, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. लहानपणी ते आम्हाला सगळे सारखेच. आता फोटो मोठा करून पाहिला, तर काहींचा डोळा फिकट आणि काहींचा गडद. फिकट डोळ्यांचे ते तपकिरी डोक्याचे कुरव, गडद डोळ्यांचे काळ्या डोक्याचे. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, कानाशी तेवढा एक गडद ठिपका, त्यामुळे नावावर विसंबून चालत नाही. आणि हाच काळ्या डोक्याचा कुरव मी थंडीत बर्लिनमधल्या श्प्रे नदीच्या पुलावर रोज बघते! जात तीच, मला तेवढंही पुरलं. कितीतरी वेळ वाळूत बसून राहिले.

बर्लिनवरून पक्षितज्ज्ञ सालिम अली आठवतातच. तिथल्या संग्रहालयात शिकून ते परतले, तेव्हा हाताला नोकरी नव्हती. मग अलिबागजवळ किहीमला राहिले आणि १९३० च्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींची घरटी बघत बसले. एकच नर एकामागून एक घरटी विणतो आणि वेगवेगळ्या माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यांनी तिथे टिपलं. किहीम आमच्यापासून फार लांब नाही. असं काम कोकणातल्या घराशेजारी बसून झालं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

शेजारचे काका समुद्री गरुडाचं घरटं दाखवायला उत्साहाने घेऊन गेले. झाडाखाली जायला मात्र मी नको म्हटलं. माणूस जवळ आला की मोठे पक्षी घरटं सोडून उडतात, आणि कावळे तेवढीच संधी बघत असतात. रस्त्यावरून, लांबूनच पाच मिनिटं पाहिलं. फोटोत एक पांढरा ठिपका आलाय, तो मी जपून ठेवणार आहे.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजले जातात. भारतातले लोक २०१३ पासून त्यात आहेत. पंधरा मिनिटं बसलात तरी तुमची यादी धरतात. आईला ॲप लावून दिलंय. कुंभारकावळा 'भारद्वाज' म्हणून नोंदवायचा, एवढं तिने कसंबसं मान्य केलंय.